मोबाइलच्या दुकानावरचा डॉक्टर

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
मंगळवार, दुपार

प्रिय रोवेना,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली हाताने लिहिलेला कागद घरी आला की माणसं आधी चष्मा शोधतात आणि मग देवाचं नाव घेतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. इथे सगळे धडधाकट आहेत. जितेंद्र सातिवलीला कामावर गेलेत, सुरुची साखरपुड्याचा हॉल बघायला गेली आहे, आणि मी जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून तुला लिहायला बसले आहे. फोन का नाही केलास, असं तू म्हणणारच. फोनवर माझा आवाज जरा चढला की समोरचं माणूस कान टवकारतं. ही आपली सुहास बोलते आहे की 'ती' बोलते आहे, याचा अंदाज घेत बसतं. तूही घेतेस. रागावले नाही गं, तुझ्या जागी मी असते तर मीही घेतला असता. कागदावर निदान आवाज चढत नाही. शिवाय माझं अक्षर बघ. मागच्या नाताळला तुला कार्ड पाठवलं होतं, त्यावरची सही कोंबडीने पाय ओढत नेल्यासारखी होती. आता हात अजिबात थरथरत नाही. शाळेत बाई वहीवर 'सुंदर' असा शेरा द्यायच्या ना, तसं झालंय बघ अगदी.

लेकीच्या साखरपुड्याचं तुला कळलंच असेल. मुलगा बोईसरला कंपनीत आहे, शांत आहे, सुरुचीपेक्षा कमी बोलतो म्हणजे संसार टिकेल. माणसं चांगली आहेत पण फार चौकस. मुलाची आत्या आमच्या बाजूच्याच बिल्डिंगमध्ये राहते, त्यामुळे आमच्या घरात आज काय शिजलं हे तिकडे बोईसरला पोळ्या व्हायच्या आत पोचतं. चालायचंच. मी सकाळपासून दोन डबे चकल्या केल्या, पितळेची भांडी घासून बाल्कनीत उन्हाला लावली, आणि आता हे पत्र. तुझ्याकडची बातमीही आली हो माझ्याकडे. वाडीमागचं बावखल, आपलं कमळांचं तळं, बुजवून द्या म्हणून कोणी बिल्डर आला होता आणि तू त्याला फाटकाबाहेर काढलंस म्हणे. छान केलंस. तुझे डॅडी, आलोशियस अंकल, असते तर त्यांनी त्याला आधी केळी खायला घालून मग काढलं असतं, एवढाच फरक.

त्या बावखलात मी पडले होते ते आठवतं? मला कमळ हवं होतं आणि तू नको म्हणत होतीस, म्हणजे आपलं नेहमीचंच. पाय सटकला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तू काठावर पालथी पडून माझी वेणी धरलीस. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? मला वाटलं तूच मला दाबते आहेस. म्हणून मी तुझं मनगट चावले. रक्त आलं तरी तू वेणी सोडली नाहीस, नुसती बोंबलत राहिलीस, मग अंकल धावत आले. नंतर कितीतरी वर्षं तू वर्गात मनगट दाखवून सांगायचीस, ही आमच्या सुहासची प्रेमाची खूण. बँकेत काउंटरवर बसतेस तेव्हा दिसते का गं अजून ती खूण?

हे पत्र तुला जयवंतीच्या टोपलीतून मिळेल. गम वापरून नीट चिकटवलंय, पण ती उघडणार नाही, तिला वाचण्यापेक्षा विचारायला आवडतं. आपल्या गावची बाई रोज सकाळी भाजी-फुलं घेऊन इथे तुळिंजच्या बाजारात येते आणि संध्याकाळच्या आत तुळिंजच्या सगळ्या बातम्या गावात पोचवते, हे तुला मी सांगायला नको. पण ती बसते कुठे, हे लक्षात घे. मोबाइलच्या दुकानाशेजारी जो अरुंद जिना वर जातो, बरोब्बर त्याच्या पायथ्याशी. त्या जिन्याच्या वर डॉक्टर मितेश यांचा दवाखाना आहे, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात 'मानसोपचारतज्ज्ञ' लिहिलंय. तो बोर्ड आमच्या बाल्कनीतून दिसतो. कपडे वाळत घालताना मी तो रोज वाचायचे. मला ज्या माणसाची गरज होती तो रस्त्यापलीकडे बसलेला होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला मला वर्षं लागली, कारण मध्ये जयवंती मेथीच्या जुड्या लावून बसली होती.

मी आधी पडले ती खालच्या बाजूला. सुरुची तेव्हा दहावीला होती. सकाळी डोळे उघडायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, एवढंच मला जमायचं. पोळी लाटायला घेतली की लाटणं हातात धरून उभीच राहायचे, पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. जितेंद्र कामावर जाण्याआधी वरणभाताचा कुकर लावून, माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवून जायचे. माझा नवरा वाईट नाही, रोवेना, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं वाचून तू त्यांच्यावर तोंड सोडशील आणि तुझ्या जिभेला हाड नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अंगात रक्त कमी म्हणून सुया दिल्या, टॉनिक दिलं. काही उतार पडेना तेव्हा त्यांनीच हळू आवाजात समोरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. जितेंद्र त्या संध्याकाळी जिन्यापर्यंत जाऊन आले. जयवंतीने हाक मारली, "जावयबापू, इकडं कोनाकडं?" यांनी मोबाइलला कव्हर घेतलं आणि परत आले. यांना धास्ती, माझ्या माहेरी कळेल, मग यांच्या गावी कोकणात कळेल, मग उद्या सुरुचीच्या लग्नात आडवं येईल. ते कव्हर अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, आमच्या कुठल्याच फोनला ते बसत नाही.

मग ठरलं की आपल्यातलंच कोणीतरी बघावं. आपल्याकडे सगळं असंच ठरतं ना, प्लंबरसुद्धा आपल्यातला लागतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंची दिपिका तुला माहीत आहे. तिने समुपदेशनाचा कोर्स केला होता आणि विरारला एका गाळ्यात दोन खुर्च्या टाकून बसायची. पोर गुणी आहे. "काकू, तुम्ही फक्त बोला, मी ऐकते," असं म्हणाली आणि खरंच ऐकायची. परीक्षेची धास्ती घेतलेली पोरं, सासू-सुनेच्या भांडणाने जेवण सुटलेल्या बाया, नुकतं माणूस गेलेलं घर, अशांना ती सोन्यासारखी आहे. पण मला तर बोलायलाच काही नव्हतं. मी तिच्यासमोर बसून पंख्याकडे बघायचे. तरी तिचा मान राखायचा म्हणून आईच्या, सासूच्या, शाळेच्या गोष्टी सांगायचे, आणि ती त्या गोष्टींतून माझं दुःख शोधत बसायची.

आणि एक दिवस मी उठले ती बरी होऊनच उठले. अगदी बटण दाबल्यासारखी. स्वयंपाकघर घासलं, मग रंगवलं, मग बिल्डिंगमधल्या बायकांना मसाल्याचा क्लास काढला, पहाटे गच्चीवर जाऊन भजनं म्हणायला लागले. सगळ्यांना गहिवरून आलं. दिपिकाला नवी साडी झाली. जितेंद्रनी सत्यनारायण घातला, सुहास बरी झाली म्हणून. तू आली होतीस ना त्या पूजेला, कोपऱ्यात बसून माझ्याकडे टक लावून बघत होतीस. भटजी कथा सांगताना अडखळले तर मी त्यांना बाजूला सारून साधुवाण्याची सगळी कथा स्वतः सांगितली, हातवारे करून, आवाज काढून, आणि लोक हसून हसून बेजार झाले. भटजीसुद्धा हसले. तेव्हा आजार कळसाला पोचला होता आणि आम्ही त्याला नैवेद्य दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या शिऱ्याचं पातेलं घेऊन स्टेशनच्या पुलावर गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रसाद दिला. मग खाली रुळांजवळच्या माणसांना पोचत नाही म्हणून कठड्यावर चढले. दोन पोलीस बायकांनी मला उतरवलं. कोणीतरी फोनवर ते सगळं टिपलं आणि ते सुरुचीच्या कॉलेजात फिरलं. तिने कॉलेज बदललं.

आता तरी समोरचा जिना चढायचा ना? नाही. आता तर मुळीच नाही. यांनी बोरिवलीचा मेंदूचा डॉक्टर शोधला. मेंदू म्हटलं की इज्जत राहते, मन म्हटलं की जाते. मेंदू म्हणजे कसं, हृदयासारखा, किडनीसारखा, त्याला काहीही होऊ शकतं, त्यात घराण्याचा काय दोष. मला त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. रिपोर्ट अगदी निर्मळ निघाला. जितेंद्रनी स्टेशनाबाहेरून पेढे घेतले आणि सबंध मजल्यावर वाटले. त्या डॉक्टरांनी यांना समोर बसवून साफ सांगितलं होतं, "मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही. हा माझा आजारच नाही. यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा." त्यातला 'गाठ नाही' एवढाच भाग पेढ्यांच्या खोक्याबरोबर घरी आला. त्या डॉक्टरांचं काहीच चुकलं नाही. दाढ दुखत असताना आपण डोळे तपासून घ्यायला गेलो, आणि डोळे चांगले निघाले म्हणून नाचलो.

पुन्हा खाली गेले. यावेळी जास्त खोल. तेव्हा सुरुचीनेच वसईच्या स्वप्ना मॅडमचं नाव काढलं. त्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी दोन-तीन बैठका घेतल्या, चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, आणि मग आम्हा दोघांना एकत्र बसवून समजावलं. त्या दिवसापर्यंत हे सगळे वेगवेगळे असतात हेच मला माहीत नव्हतं गं. त्या म्हणाल्या, दिपिकासारखी मुलगी रोजच्या ताणतणावात सोबत करते. मी त्याच्या पुढचं बघते, तपासण्या करते, विचारांच्या सवयी बदलायला शिकवते, पण गोळी लिहायचा अधिकार माझ्याकडे नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा मुळात डॉक्टर असतो, औषध तो देतो. "सुहासिनीताई, तुमचा आजार आधी औषधाने थांबवावा लागेल. मग माझ्याकडे या, तेव्हा बोलण्याचा उपयोग होईल. आत्ता मी नुसती बोलत बसले तर ती तुमची फसवणूक होईल." इतकं सरळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. जितेंद्र मात्र बाहेर येऊन म्हणाले, सगळे एकमेकांकडे टोलवतात. थकले होते बिचारे. मग आम्ही कुठेच गेलो नाही.

आणि मग तू आलीस. बँकेतून सुट्टी घेऊन, केळ्याची फणी घेऊन, न कळवता. मी आंघोळ केली नव्हती. तू मला आंघोळ घातलीस, वेणी घातलीस, आणि विचारलंस, तो बोर्ड कोणाचा? जिन्यापाशी जयवंतीने विचारलंच, "रोवेनाबाय, कोनाकडं गो?" मी तुझ्या मागे लपले. तू अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणालीस, "सुहासला मनाच्या डॉक्टरकडं नेते. तुज्या शेंगा चांगल्या दिसतात, दोन जुड्या बाजूला ठेव, उतरताना नेते." जयवंती हो म्हणाली आणि शेंगा बाजूला ठेवल्या. बस, एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही, रस्ता दुभंगला नाही. जिच्या धाकाने एवढं सगळं रामायण झालं तिने शेवग्याच्या शेंगा बाजूला ठेवल्या, आणि त्याही कोवळ्या निघाल्या.

डॉक्टर मितेशनी मला एक प्रश्न विचारला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोपर्यंत प्रत्येकाने माझं दुःख विचारलं होतं. त्यांनी विचारलं, "कधी काही कारण नसताना खूप छान वाटलं होतं का? झोप कमी होऊनही थकवा नाही, असं?" मी पूजेची गोष्ट सांगितली, शिऱ्याची सांगितली, आणि ते मान हलवत राहिले. आजाराला दोन टोकं आहेत म्हणाले, आणि आपण एकाच टोकाला औषध शोधत होतो. जाताना आणखी एक म्हणाले, तूही ऐकलंस. दुःख तुम्हाला माझ्याकडे आणेल. आनंद नाही आणणार. आनंदात असाल तेव्हा तुम्हाला माझी गरजच वाटणार नाही. म्हणून बऱ्या आहात तोवरच एक माणूस ठरवून ठेवा, जो तुमच्या वतीने निर्णय घेईल, तुम्ही नको म्हणालात तरी तुम्हाला इथवर आणेल. कायद्याने तसं साध्या कागदावरसुद्धा लिहून देता येतं, म्हणाले. मी हो हो केलं. नवरा असताना कागद कशाला, असं वाटलं.

गोळ्यांनी मी सपाट झाले. खोटं कशाला बोलू, चांगलं वाटत होतं असं नाही. सारखी तहान लागायची, वजन वाढलं, हात थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. रडू यायचं नाही आणि हसूही यायचं नाही. नुसती पेज. पण मी उठत होते, झोपत होते, पोळी गोल होत होती. डॉक्टर म्हणायचे, थरथर जास्त वाटली तर सांगा, मात्रा कमी करू, स्वतः बंद करू नका. स्वप्ना मॅडमकडेही जायला लागले होते. मग सुरुचीचं ठरलं, आणि आत्याबाई बाजूला राहायला आल्या. जिन्यावर जाणं बंद झालं. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून मी चोरून घेत राहिले. एक दिवस आत्याबाई चहाला आल्या आणि माझ्या हातातला कप बघून म्हणाल्या, "तुम्हाला काही त्रास आहे का?" त्या गेल्यावर जितेंद्र माझ्याजवळ बसले. म्हणाले, साखरपुड्यापर्यंत गोळ्या बंद ठेवू, मग पुन्हा चालू करू. तोवर दिपिकाशी बोलत जा. दिपिकाने आता बोर्ड बदललाय, 'जीवन मार्गदर्शन' का काहीतरी लिहिलंय, पण पोर अजून प्रामाणिक आहे. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारूनच करा हो काका. काका हो म्हणाले. विचारायला जिना कोणी चढलं नाही. आणि मीही नको म्हणाले नाही. मुलीच्या साखरपुड्यात हसणारी आई असावी, एवढं मलाही हवंच होतं की.

रोवेना, मला आशा नाही गं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते पाठीवर हात ठेवून काहीतरी गोड बोलतील, म्हणून तुला सांगते. हे माझ्यातून जाणार नाही. योग्य डॉक्टर मिळाला म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. योग्य डॉक्टरला पुन्हापुन्हा, जन्मभर निवडावं लागतं, आणि निवडायचं ते ज्या डोक्याने, तेच डोकं ऐन वेळेला माझं राहत नाही. घर माझ्यावर प्रेम करतं, पण घराला मी हसायला हवी आहे. माझ्या हसण्यापुढे त्यांना पूल दिसत नाही. सुरुचीला दिसेल कदाचित, पण तिने आत्ता मागे वळून बघावं असं मला वाटत नाही. तिचं एकदा कॉलेज सुटलंय माझ्यामुळे. मी कितीही हिशेब मांडला तरी शेवटी कठड्यावर मीच उभी असते.

आता खरं काय ते लिहिते. रविवारपासून मला फार छान वाटतंय. इतकं छान, की खिडकीतून येणारं ऊन मला माझ्यासाठी आल्यासारखं वाटतं. झोप थोडीशीच होते आणि मी ताजी असते. चकल्या, भांडी, हे सुंदर अक्षर, सगळं त्यातलंच आहे. घरात दिवाळी आहे. काल मी जेवताना मोठ्याने हसले तर जितेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "माझी जुनी सुहास परत आली." त्यांना मी काय सांगू, तूच सांग. काल सकाळीच डॉक्टरांकडे जायचं ठरवून मी खाली उतरले होते. आत्याबाईंचाही विचार केला नाही. जिन्यापर्यंत पोचले, आणि तिथे मोगऱ्याचा वास आला, आणि मला वाटलं, अगं, एवढं बरं वाटत असताना डॉक्टर कशाला? जयवंतीकडचे सगळे गजरे घेतले. ती म्हणाली, "आज लय खुशीत हायस गो! कोनासाठी एवढे?" मी सगळ्या बिल्डिंगला गजरे वाटले. आत्याबाईंना दोन दिले. त्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे मला पाठ आहे आणि मी पहिलीसुद्धा चढले नाही. आज मला हे कळतंय. उद्या कळेल की नाही, माहीत नाही. म्हणून हे पत्र. सोबत एक कोरा कागद होता तो आता कोरा नाही, त्यावर मी तुझं नाव लिहून सही केली आहे, की मी सांभाळण्यापलीकडे गेले तर माझ्या वतीने जितेंद्र नाही, तू बोलावंस. खाली तुझी संमती म्हणून सही लागते. तुला नको असेल तर करू नकोस, मी समजेन, पण तरी उद्या सकाळी ये. मी दार उघडेन ती हसत उघडेन. तुला चकल्या देईन. किती गोड दिसतेस म्हणेन. मला काही झालेलं नाही हे इतकं छान पटवून देईन की तुलाही पटेल. नाही पटलं तर ओरडेन, माझ्या लेकीचं मोडायला आलीस म्हणेन, तुला हेवा वाटतो म्हणेन, तोंडाला येईल ते बोलेन, आणि ते सगळं मला त्या वेळी खरंच वाटत असेल. बारीकशी शंका आली तरी हे पत्र काढून अक्षर बघ आणि मला त्या जिन्याने वर ने. चावले तरी सोडू नकोस.

आज तरी तुझीच,
सुहासिनी